एकबारी पिस्तूल : जुनी घडण आणि नवी

इंदुराहून मुंबईकडे निघालेला आग्रा-मुंबई मार्ग महूची छावणी मागे टाकतो, मानपूर गाठतो आणि तेथून पुढे विंध्याचा घाट उतरून निमाडात शिरतो. माळव्याच्या पठाराची ही दक्षिणेकडील कड होय. इंग्रजी अमदानीत भोवताली होळकरांचा आणि धारच्या पवारांचा मुलूख पसरलेला असता मानपूरचा लहानसा परगणा मात्र थेट इंग्रजांच्या अमलाखाली होता. एका अंगाला घाटातील रान आणि दुसऱ्या अंगाला १८१८ साली वसलेली महूची छावणी, अशा या पट्ट्यात बंदुकीचे दोन निरनिराळे उपयोग शेजारी-शेजारी नांदले. रानात शिकार चाले आणि छावणीत चांदमारी.

यांपैकी शिकारीचे पर्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटत आले. चांदमारीला मात्र १९९३ साली नवे रूप लाभले. त्या वर्षी महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये आर्मी मार्क्समनशिप युनिट ही संस्था स्थापन झाली आणि तिने आंतरराष्ट्रीय कीर्तीचे नेमबाज घडविले. शिकार आणि चांदमारी या दोन्ही वाटांनी गेलेले एक विलक्षण हत्यार आहे. ते म्हणजे एकबारी पिस्तूल. त्याची जुनी घडण आणि नवी घडण यांची तुलना केली असता केवळ यंत्राचाच नव्हे, तर माणसाच्या हाताचाही बराच इतिहास उलगडतो.

एकबारी पिस्तूल म्हणजे एका वेळी एकच काडतूस धारण करणारे पिस्तूल. बार उडाला की ते उघडावयाचे, रिकामे टरफल काढावयाचे, दुसरे काडतूस हाताने भरावयाचे आणि मगच पुन्हा नेम धरावयाचा. १८३६ साली सॅम्युएल कोल्ट याने अमेरिकेत फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले आणि त्याच शतकाच्या अखेरीस आपोआप भरले जाणारे पिस्तूलही अवतरले. रणांगणावर एकबारी पिस्तुलाचे काम तेव्हाच संपले. तथापि ते नाहीसे झाले नाही. दोन प्रकारच्या माणसांना एकाच बाराची गरज उरली होती. पहिला शिकारी, कारण सावध जनावर दुसऱ्या बारासाठी क्वचितच थांबते. दुसरा लक्ष्यवेधी नेमबाज. कारण त्याला घाई नसते आणि प्रत्येक बाराचा स्वतंत्र हिशेब द्यावयाचा असतो.

मूळ अडचण कोणती होती, हे ठासणीच्या काळाकडे पाहिले म्हणजे समजते. चकमकीच्या पिस्तुलात नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासावी लागे. बाहेरच्या वाटीत रंजक घालावे लागे. चाप ओढला की चकमकीचा गारगोटा पोलादावर आपटे, ठिणगी पडे, रंजक पेटे आणि ती ज्योत बारीक छिद्रातून आत शिरून मुख्य दारूला भिडे. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत जाणवण्याइतका अवधी जाई. तेवढ्या अवधीत हात जागचा हलता कामा नये, ही खरी कसोटी असे. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकाचा भडका पाहताच पक्षी उडून जातात, या त्रासातून त्याने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती शोधिली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तांब्याची टोपी आली आणि टोपीची पिस्तुले रूढ झाली. नंतर धातूचे काडतूस आले. त्यात टोपी, दारू आणि गोळी ही तिन्ही एका ठिकाणी बांधली गेली. १८८७ साली अमेरिकेत तयार झालेले .२२ लाँग रायफल हे चिमुकले काडतूस आज सव्वाशेहून अधिक वर्षे नेमबाजीच्या मैदानावर टिकून आहे. पिस्तुले बदलली, काडतूस तेच राहिले.

काडतूस आल्यावर कारागिरांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. नळीचे मागचे तोंड उघडावयाचे कसे, आणि स्फोटाच्या वेळी ते घट्ट बंद राखावयाचे कसे? त्याची प्रमुख उत्तरे चार. पहिले उत्तर मोडत्या नळीचे. पिस्तूल मधोमध बिजागरीवर मोडते, जशी आपल्याकडील दुनळी बंदूक मोडते. दुसरे उत्तर लोळत्या ठोकळ्याचे. नळीमागचा पोलादी ठोकळा अंगठ्याने मागे लोळवावयाचा, काडतूस सारावयाचे आणि तो पुन्हा पुढे आणावयाचा. घोडा पडताना या ठोकळ्याला खालून टेकू देतो. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीची पिस्तुले या पद्धतीची होती. तिसरे उत्तर झुकत्या ठोकळ्याचे. ते मार्टिनी या स्विस अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. चौथे उत्तर दाराच्या खिटीसारखे पुढे-मागे सरकणाऱ्या बोल्टचे. ते रायफलीवरून आले.

जुन्या पिढीचा नमुना म्हणून स्मिथ अँड वेसन कंपनीच्या १८९१ च्या एकबारी पिस्तुलाकडे पाहता येईल. कंपनीने आपल्या चक्री पिस्तुलाचाच सांगाडा घेतला, चक्र काढून टाकले आणि तेथे एक लांब नळी बसविली. काम सुबक होते आणि नळी अचूक होती. परंतु सांगाडा दुसऱ्या कामासाठी घडलेला असल्याने त्याचे दोषही सोबत आले. घोडा मोठा आणि जड होता. तो लांबून फिरत येऊन आपटे आणि त्या आपटण्याने नळीचे टोक हले. नळी हातापेक्षा बरीच उंच राही. मूठ लहान आणि सर्वांसाठी सारखीच असे. म्हणजे एकबारीपणामुळे जे लाभ मिळू शकत होते, ते त्या पिस्तुलाने पुरते घेतलेच नव्हते.

ते लाभ घेण्याची वाट मार्टिनीच्या ठोकळ्याने दाखविली. हे नाव हिंदुस्थानास अपरिचित नव्हते. १८७१ साली इंग्रजी फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल येथील छावण्यांतून आणि पोलिसांच्या ठाण्यांतून दीर्घकाळ वावरली. या रचनेत ठोकळा मागच्या टोकाशी एका खिळीवर झुलतो. खालचा दांडा ओढला की त्याचे पुढचे टोक खाली झुकते आणि काडतुसाला वाट मिळते. दांडा परत लावला की ते वर येऊन नळी बंद करते. बाहेरचा घोडाच नाही. काडतुसावर आघात करणारी सुई ठोकळ्याच्या पोटातच असते, ती हलकी असते आणि तिला फार थोडे अंतर जावयाचे असते. त्यामुळे चाप सुटल्यापासून बार होईपर्यंतचा अवधी काही सहस्रांश सेकंदांवर आला. स्वित्झर्लंडमधील लेंझबुर्ग येथील हॅमेर्ली कारखान्याने १९५० च्या सुमारास सुरू केलेली लक्ष्यवेधी पिस्तुले याच वळणाची होती. पुढे सोविएत संघातील तुला येथील कारखान्यात टोझ-३५ हे पिस्तूल निघाले. त्याचा कर्ता येफिम हैदुरोव्ह. यांत्रिक घडणीचा तो परमोत्कर्ष मानला जातो.

या पिढीने एक साधी गोष्ट ओळखिली. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात काडतुसांची पेटी मुठीत असते आणि नळीवर मागे-पुढे सरकणारे जड आवरण असते. एकबारी पिस्तुलात या दोहोंपैकी काहीच नाही. मग मुठीला कोणताही आकार देता येतो आणि हात थेट नळीच्या रेषेपर्यंत वर नेता येतो. नळी हातापेक्षा जितकी उंच, तितका बाराचा धक्का तिचे तोंड वर उचलतो. नळी हाताच्या पातळीला आली की धक्का सरळ मागे बसतो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ एकेका नेमबाजाच्या पंजावरून कोरली जाऊ लागली. ती बोटे आणि तळवा यांना हातमोज्याप्रमाणे वेढून घेते. दुसऱ्या माणसाने ती हातात घेतली तर त्याला ती परकी वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आकड्यांनी स्पष्ट होते. ५० मीटरच्या या स्पर्धेत लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. एका हाताने, उभ्याने, दुर्बिणीवाचून नेम धरावयाचा आणि असे ६० बार काढावयाचे. पिस्तुलावरील मागची खाच आणि पुढची माशी यांत ३०० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ ०.१५ मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर गोळी २५ मिलिमीटर दूर जाते, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या काठावर पोहोचते. दोन केसांच्या जाडीएवढी ही चूक. जड चाप ओढताना बोटाने पिस्तुलाला दिलेला किंचित ओढाही तेवढी चूक करावयास पुरेसा असतो.

म्हणूनच या स्पर्धेत चापाच्या वजनाला कोणतीही मर्यादा नव्हती आणि त्यावरूनच तिला ‘फ्री पिस्तूल’ हे नाव पडले. २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅमचा आणि हवेच्या पिस्तुलाचा किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. फ्री पिस्तुलाचा चाप मात्र अवघ्या काही दशक ग्रॅमांच्या दाबाने सुटे. जुन्या घडणीत यासाठी एक वेगळा दांडा असे. तो आधी ओढून आतल्या कमानी ताणून ठेवावयाच्या, मग चापाला केवळ स्पर्श पुरे होई. १९८४ साली स्वित्झर्लंडमधील मोरिनी कारखान्याने सीएम ८४ ई हे पिस्तूल काढले आणि यांत्रिक चापाच्या जागी विजेचा चाप आणिला. त्यात बोट केवळ एक विद्युत्‌मार्ग जुळविते. सुई सोडण्याचे काम वीज करते. आतील खाचा झिजत नाहीत आणि चाप पहिल्या बाराला जसा असतो तसाच साठाव्या बारालाही राहतो. त्याच्या मोबदल्यात विजेच्या घटावर अवलंबून राहावे लागते. जुने यंत्र बिघडले तर कुशल कारागीर ते कानसीने ताळ्यावर आणी. नव्याला त्याच्या कारखान्याचा सुटा भाग लागतो.

मग नवे पिस्तूल जुन्यापेक्षा किती श्रेष्ठ? या प्रश्नाचे उत्तर गुणफलकावर मिळते. ६०० पैकी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा तॉर्स्टेन उल्मान ५५९ गुणांनी विजयी झाला. १९८० साली मॉस्कोत अलेक्सांद्र मेलेन्तिएव्ह याने ५८१ गुण मिळविले. त्याच्या हाती यांत्रिक चापाचे टोझ-३५ होते. त्यानंतर चार वर्षांनी विजेचा चाप आला, तरी मेलेन्तिएव्हचा विक्रम ३४ वर्षे अबाधित राहिला. २०१४ साली स्पेनमधील ग्रॅनडा येथील विश्वस्पर्धेत दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ याने ५८३ गुण मिळवून तो मोडला. जिन मोरिनीचे पिस्तूल वापरीत असे. पहिल्या ४४ वर्षांत २२ गुणांची भर पडली आणि पुढच्या ३४ वर्षांत केवळ दोन गुणांची. पहिली वाढही सगळी पिस्तुलाची नव्हती. सरावाच्या पद्धतीही त्या काळात सुधारल्या होत्या. परंतु दुसऱ्या आकड्याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. यंत्र पक्व होऊन बसले होते. त्यापुढील सुधारणेने नेमबाजाच्या सबबी कमी केल्या. त्याच्या हाताची स्थिरता मात्र त्यालाच कमवावी लागली.

शिकारीच्या वाटेने गेलेल्या एकबारी पिस्तुलाची कथा याहून निराळी आहे. हिंदुस्थानातील जुन्या शिकारीत पिस्तूल हे शिकारीचे हत्यार कधीच नव्हते. ते बचावाचे होते. हत्तीच्या हौद्यात बसून वाघाच्या मागे जाणारे शिकारी जवळ एक आखूड, मोठ्या बोराचे पिस्तूल बाळगीत. जखमी वाघ हत्तीवर झेपावला तर ते कामी यावे, ही अपेक्षा. त्यास हौदा पिस्तूल हेच नाव पडले. ते बहुधा दोन नळ्यांचे असे, क्वचित चार नळ्यांचेही. अंगावर वाघ आला असता एकाच बारावर भिस्त ठेवावयास कोणीच तयार नव्हते, आणि ते योग्यच होते.

पिस्तुलाने दुरून शिकार करण्याची कल्पना विसाव्या शतकातील अमेरिकेत रुजली. १९६३ साली रेमिंग्टनने एक्सपी-१०० हे बोल्टचे एकबारी पिस्तूल काढले. रायफलीची यंत्रणा आखूड करून तिला नायलॉनचा दस्ता दिला होता. तोल साधावा म्हणून मूठ मध्यभागी घेतली. त्यामुळे पुढचा चाप आणि मागची यंत्रणा एका लांब दांडीने जोडावी लागली आणि चापाची निर्मळता थोडी गेली. लांब नळीसाठी बेतलेली दारू आखूड नळीत पुरती जळत नाही. तिचा मोठा अंश तोंडाशी आग आणि आवाज होऊन वाया जातो. म्हणून या पिस्तुलासाठी मुद्दाम आखूड काडतूस तयार करावे लागले. १९६७ साली थॉम्पसन-सेंटर कंपनीने वॉरेन सेंटर या रचनाकाराचे काँटेंडर पिस्तूल बाजारात आणिले. त्यात पुन्हा जुनी मोडती नळीच होती. मात्र एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या बोरांच्या नळ्या बदलून बसविण्याची सोय होती. सकाळी .२२ ची नळी लावून लक्ष्यावर सराव करावा आणि नंतर मोठ्या काडतुसाची नळी चढवावी, असे हे दुहेरी हत्यार होते.

१८९१ चे मोडते पिस्तूल आणि १९६७ चे मोडते पिस्तूल शेजारी ठेवले तर बाह्य आकारात साम्य दिसते. भेद पोलादात आणि दाबात आहे. जुनी पिस्तुले काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी घडलेली होती. १८८० नंतर बिनधुराची दारू आली आणि काडतुसातील दाब कितीतरी पटींनी वाढला. नवी कडी, नवी बिजागरी आणि नवी नळी तो दाब सोसण्याकरिताच केलेली आहे. तथापि या वाटेने वाढलेले बळ नेमबाजाच्या हाताला फुकट मिळत नाही. वजन वाढते, धक्का मनगटाला जाणवतो, आवाज कानाला इजा करतो, आणि दुर्बीण लावूनही पिस्तूल खांद्याच्या आधारावाचून स्थिर राहात नाही. ज्या अंतरावर पिस्तुलाची गोळी पोहोचते, त्या सर्व अंतरावर नेमबाजाचा नेम पोहोचतोच असे नाही. लक्ष्याच्या कागदावर चुकलेला बार एक-दोन गुण घेऊन जातो. रानात चुकलेला बार जखमी जनावर झुडपात पाठवितो. एकबारी हत्याराने शिकार करणाऱ्याची पहिली नीती म्हणूनच बार न काढण्याची असते. अमेरिकेत या पिस्तुलांचा मोठा उपयोग पुढे पोलादी आकृत्यांवरील नेमबाजीत होऊ लागला. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की पक्षी आणि २०० मीटरवर मेंढा, असे पोलादाचे पुतळे मांडावयाचे आणि एकेका बाराने आडवे पाडावयाचे. त्या खेळात अंतराचे आव्हान राहिले आणि जनावर सुटले.

भारतात शिकारी पिस्तुलाला आज स्थानच उरलेले नाही. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची वाटही जवळजवळ बंद झाली. माळव्यातील किंवा महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घराण्यात आजोबा-पणजोबांच्या काळचे पिस्तूल पेटीत निघते, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह असते. अग्निशस्त्र जवळ बाळगणे हे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या अधीन आहे, तेव्हा आधी जिल्हाधिकारी कचेरीत किंवा पोलिसांकडे कायद्याची स्थिती विचारून घ्यावी. दुसरी गोष्ट, जुन्या नळीत बोर जुळते म्हणून नवे काडतूस कधीही घालू नये. काळ्या दारूची नळी बिनधुराच्या दारूने फुटते आणि ती फुटते धरणाऱ्याच्या हातात.

आता पुन्हा महूकडे वळले पाहिजे. आर्मी मार्क्समनशिप युनिटच्या चांदमारीवर निरनिराळ्या जातींची पिस्तुले चालतात. येथेच सराव केलेला विजय कुमार २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेता ठरला. पण त्याची स्पर्धा २५ मीटरच्या रॅपिड फायर पिस्तुलाची, म्हणजे पाच-पाच बारांची होती. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेही २५ मीटरच्या आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाने. एकबारी पिस्तुलाचे माहात्म्य महूतून जगापुढे नेले ते जितू राय याने. नेपाळात जन्मलेला आणि भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीत भरती झालेला हा जवान येथे घडला. २०१४ या एकाच वर्षी ५० मीटर पिस्तुलात त्याने ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, इंचिऑनच्या एशियाडमध्ये सुवर्ण आणि ग्रॅनडाच्या विश्वस्पर्धेत रौप्य अशी तीन पदके मिळविली. ज्या स्पर्धेत जिनने ३४ वर्षांचा विक्रम मोडला, तिच्यातच हे रौप्य होते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जितूला या प्रकारात बाराव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले आणि जिनने लागोपाठ तिसरे सुवर्ण जिंकले. त्या वेळी ती शेवटची संधी होती. १९३६ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये असलेली ही स्पर्धा २०१७ साली कार्यक्रमातून काढण्यात आली. स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा समसमान असाव्यात, हे त्यामागील कारण होते. केवळ पुरुषांसाठी असलेले तीन नेमबाजीचे प्रकार वगळून त्यांच्या जागी मिश्र जोड्यांच्या स्पर्धा आल्या. उद्देश न्याय्य होता. परंतु पंधरा-पंधरा वर्षे एका हत्याराशी जुळविलेला हात एका ठरावाने निरुपयोगी ठरला, ही हानीही तितकीच खरी होती. त्यानंतरच्या वर्षी, २०१८ साली, कोरियातील चांगवॉन येथे भारतीय सैन्यातीलच ओमप्रकाश मिठारवाल याने ५६४ गुणांनी ५० मीटर पिस्तुलाचे विश्वविजेतेपद मिळविले. सुवर्ण आले, पण त्याला ऑलिंपिकचे दार उघडणारी किल्ली जोडलेली नव्हती.

दिव्यांग नेमबाजांच्या पॅरालिंपिकमध्ये मात्र ५० मीटर पिस्तूल टिकले. तेथे स्त्री-पुरुष एकत्र खेळतात. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये त्यात मनीष नरवाल याने सुवर्ण आणि सिंहराज अधाना याने रौप्य मिळविले. ज्या समानतेच्या तत्त्वावर ऑलिंपिकने हा प्रकार वगळला, ते तत्त्व पाळून तो राखताही येतो, हे या उदाहरणावरून दिसते.

आणि एकबारी पिस्तूल ऑलिंपिकमधून सर्वस्वी गेले, असे म्हणणेही बरोबर होणार नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून असलेले १० मीटरचे हवेचे पिस्तूल हे एकबारीच असते. त्यात प्रत्येक वेळी एकच छर्रा हाताने भरावयाचा असतो. त्याचीही जुनी आणि नवी घडण आहे. जुन्यात बलवान कमान दट्ट्या पुढे ढकली आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच पिस्तूल हिसका देई. १९६५ च्या सुमारास जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कारखान्याने नळी आणि यंत्र रुळांवर मागे सरकू देऊन तो हिसका हातापर्यंत पोहोचू दिला नाही. आजच्या पिस्तुलात आधीच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते. कमान ताणण्याचे कष्ट नाहीत आणि हिसकाही जवळजवळ नाही. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे आहे. म्हणजे यंत्र सौम्य झाले तसे लक्ष्यही बारीक झाले आणि हाताची परीक्षा पूर्वीसारखीच राहिली. ५० मीटर पिस्तुलाच्या जागी आलेल्या हवेच्या पिस्तुलाच्या मिश्र स्पर्धेतच २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. एक दार बंद झाले तेथेच दुसरे उघडले, याची नोंद न्यायाने केली पाहिजे.

जुन्या आणि नव्या घडणीत निवड करू पाहणाऱ्याने प्रथम आपले काम ओळखावे, हेच या तुलनेचे तात्पर्य. शिकारीसाठी घडलेले पिस्तूल बळाच्या मागे गेले आणि जड झाले. लक्ष्यासाठी घडलेले पिस्तूल स्थिरतेच्या मागे गेले आणि हाताशी एकजीव झाले. जुने पिस्तूल चूक लपवू देत नाही. जड घोडा आणि उंच नळी प्रत्येक उतावळेपणा लक्ष्यावर मांडून दाखवितात. नवे पिस्तूल चूक सोसून घेते, पण यंत्राला दोष देण्याची सोय काढून घेते. महू-मानपूरच्या बाजूचा एखादा तरुण आज नेमबाजीस आरंभ करील, तर त्याच्या हाती बहुधा हवेचे पिस्तूल येईल. त्याला तंत्राचा पहिला धडा मिळेल तो मात्र ठासणीच्या पिस्तुलाइतकाच जुना असेल. चाप सुटल्यानंतरही क्षणभर हात जागचा हलू द्यावयाचा नाही आणि दुसऱ्या बाराचा विचार पहिला पोहोचेपर्यंत मनात आणावयाचा नाही.